जुन्या घरगाडीच्या चाकाचं बेअरिंग : कोणती हत्यारं घरी ठेवावीत, कोणतं काम प्रेसवाल्याकडे न्यावं

शहापूर : सौंदत्तीच्या डोंगरावर, जोतिबाला, पंढरपूरला नाहीतर चोर्ला घाटातून गोव्याला निघालेल्या गाड्यांत एक प्रकारची गाडी लगेच ओळखू येते. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मॅटाडोर किंवा ४०७. आतली बाकं काढून झोपायला फळ्या टाकलेल्या, कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी आणि ताडपत्री. कागदोपत्री हिला मोटरहोम किंवा कॅरव्हॅन म्हणतात. आपल्याकडे कुणी घरगाडी म्हणतं, कुणी नुसतंच ‘यात्रेची गाडी’. (गाडीत असा बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. तो विषय वेगळा, पण विसरू नका.)

अशा गाडीचं इंजिन, क्लच, टायर मालक नीट बघतो. चाकाच्या आतल्या बेअरिंगकडे मात्र आवाज येईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. तवंदी घाटाच्या उतारावर किंवा आंबोलीत आवाज आला, तर तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. बेअरिंग जाम झालं की आस तापतो, खरवडतो आणि शेवटी चाक हबसकट बाहेर येऊ शकतं. मालवाहू गाडीत मागे पोती असतात. इथे मागे माणसं झोपलेली असतात.

काम तसं अवघड नाही. बहुतेक बेअरिंगं जुनी झाली म्हणून जात नाहीत. आत शिरलेलं पाणी, सर्व्हिसच्या वेळी लागलेली घाण आणि चुकीचा आवळलेला नट, या तिघांमुळे जातात. म्हणून हत्यारं घेताना ठोकायची हत्यारं आधी घेऊ नयेत. स्वच्छ ठेवणारी आणि मोजणारी आधी घ्यावीत.

चाकाच्या आत काय असतं

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मधला तुंबा, त्यातून जाणारा आस, चाक निसटू नये म्हणून कुणी आणि आत वंगण. मोटारीत तुंब्याचा हब झाला, कुणीच्या जागी नट आणि स्प्लिट पिन आली आणि मध्ये रोलर बसले. हे रोलर निमुळते असतात. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं. घोडागाडी वळली की चाकाला बाजूने रेटा बसतो आणि साध्या बेअरिंगला तो सोसत नाही, ही अडचण त्यांच्यासमोर होती. निमुळता रोलर वरचं वजनही पेलतो आणि बाजूचा रेटाही. आजही जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत बहुधा हीच जोडी असते : आतल्या बाजूला मोठं बेअरिंग, बाहेर लहान. प्रत्येकाचे दोन भाग. रोलरसकट आतला कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेला कप.

इथे गाडी-गाडीचा फरक लक्षात घ्यावा. ट्रॅव्हलर (१९८७ पासून) आणि ४०७ (१९८६ पासून) यांचं इंजिन मागची चाकं ढकलतं, त्यामुळे पुढचं चाक नुसतं फिरतं आणि त्याचं काम सोपं. जुन्या मॅटाडोरचं इंजिन पुढची चाकं ओढतं. तिच्या पुढच्या हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो, तिथे घरी हात घालू नये. काही नव्या गाड्यांत बेअरिंग आणि हब एकत्र सीलबंद येतात. त्यात ग्रीस भरायची सोयच नसते, पूर्ण संच बदलावा लागतो. खाली लिहिलेलं सगळं निमुळत्या रोलरच्या उघडणाऱ्या हबसाठी आहे.

आधी वजनकाट्यावर

हत्यारं घेण्याआधी एक काम करा. गाडी भरलेल्या अवस्थेत, टाकीत पाणी आणि आत माणसं असताना वजनकाट्यावर घाला. निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाच्या निमित्ताने काट्यांची कमी नाही. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग पूर्ण गाडी. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि ते टपावर असलं तर वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. पलंग, शेगडी, बॅटरी, इन्व्हर्टर यांचं वजन कुणी मोजलेलं नसतं. एखाद्या आसावर कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भार असेल, तर कितीही चांगलं बेअरिंग घाला, ते लवकरच जाणार.

घरगाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती उभी राहते. यात्रा झाली की सहा महिने अंगणात. रोलर एकाच जागी दाबून बसतात, आत ओल असेल तर तिथेच गंज धरतो आणि कपावर रोलरच्या अंतराने काळे पट्टे उमटतात. म्हणून गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसचे किलोमीटर दिले असले तरी या गाडीसाठी कॅलेंडर बघणं बरं. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास, वर्षातून एकदा हब उघडावा. बळ्ळारी नाल्याच्या पाण्यातून किंवा पुलावर आलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली असेल, तर दिवाळीची वाट बघू नये. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं.

दुखणं ओळखायला लागणारी हत्यारं

जॅक प्रत्येकाकडे असतो. घोडी, म्हणजे गाडी उचलून ठेवायचे लोखंडी स्टँड, फारच थोड्यांकडे असतात. खरेदीची सुरुवात इथून करावी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हब उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. जॅकचं सील केव्हाही सुटतं. विटा तर कधीच लावू नयेत, भाजलेली वीट एका क्षणात फुटते. दोन घोड्या, गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा, आणि उरलेल्या चाकांना लाकडी उटी. कठीण, सपाट जमीन.

चाक उचललं की एक हात वर, एक खाली धरून टायर आत-बाहेर हलवून बघा. टकटक लागली की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर टकटक थांबली तर ढिलेपणा बेअरिंगचा. नाही थांबली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट बघावा लागेल. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानापेक्षा हाताला आधी कळते.

प्रवासात उपयोगी पडतं ते लांबून तापमान दाखवणारं यंत्र. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायची ‘थर्मल गन’ घरोघरी आली, ती इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते, त्यापुढे नुसता ‘हाय’ दाखवते. हबसाठी कारखान्यात वापरतात ती घ्यावी. चकचकीत धातूवर तिचा आकडा कमी येतो, म्हणून हबवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखावी. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. वीस-तीस किलोमीटर गेल्यावर, शेवटी फार ब्रेक न मारता थांबा आणि डावं-उजवं ताडून बघा. एकच चाक ठळकपणे जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय.

उघडण्याची हत्यारं

चाकाचे नट सोडायला लांब दांड्याचा पाना. काही जुन्या ट्रक आणि जिपांमध्ये डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून बोल्ट तोडण्याआधी बोल्टच्या टोकावर खूण आहे का ते बघा. हबची टोपी काढायला पातळ, रुंद छिन्नी आणि हलका हातोडा. टोपी चेपली की ती पुन्हा घट्ट बसत नाही आणि पाणी तिथूनच आत जातं.

स्प्लिट पिन पक्कडीने सरळ करून ओढावी. जुनी पिन परत वापरायचीच नाही, वेगवेगळ्या मापांची एक डबी घरात असू द्या. हबच्या नटाला मापाची मोठी गोटी लागते आणि नेमकी हीच गोटी तयार सेटमध्ये नसते. व्हर्नियरने नट मोजा आणि तेवढी एकच वेगळी विकत घ्या. छिन्नी लावून नट फिरवायची आपल्याकडची पद्धत सोडून द्यावी. नटाचे कोपरे जातातच, शिवाय लोखंडाचा कीस सरळ बाहेरच्या बेअरिंगमध्ये पडतो.

ब्रेकची भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात जातो. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

आतलं ऑइल सील उचकटून काढायला आकडा असलेलं हत्यार मिळतं, पण मोठा स्क्रू ड्रायव्हरही चालतो. ते सील तसंही फेकायचंच आहे. नवीन आणल्याशिवाय जुनं काढायला बसू नये, इतकंच.

धुणं आणि तपासणं

दोन पत्र्याचे ट्रे, मऊ ब्रश, डिझेल किंवा रॉकेल, दोरे न सुटणारी सुती फडकी. शहापूर-वडगाव ही विणकरांची वस्ती, इथे सुती चिंध्यांना तोटा नाही. फक्त धागे सुटणारी चिंधी बेअरिंगजवळ नको. पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका. धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवायची पोरांना हौस असते, तीही बंद करावी. कोरडं बेअरिंग त्या वेगाने खराब होतं आणि रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो.

चार डबे घ्या आणि त्यांवर लिहा : डावं आतलं, डावं बाहेरचं, उजवं आतलं, उजवं बाहेरचं. एका जागी घासलेला कोन दुसऱ्या कपात घालायचा नाही. साधं भिंग घेऊन रोलर आणि कप उजेडात बघा. खड्डे, पोपडे, काळे पट्टे दिसले किंवा धातूला पिवळट-निळी झाक आली असेल तर बेअरिंग गेलं. बदलताना कोन आणि कप दोन्ही बदलावेत. दुकानदार नुसता कोन देऊन ‘चालतंय की’ म्हणेल, तरी नाही.

नवीन घेताना नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. मेट्रिक बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ३०२०६ म्हणजे ३० मिलिमीटर, ३२२०८ म्हणजे ४०. शेवटचे आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर हा हिशेब लागू पडतो. अमेरिकी पद्धतीच्या इंची बेअरिंगना (नंबराआधी एलएम अशी अक्षरं असतात) तो चालत नाही आणि तिथे कोन-कपाचे नंबरही वेगवेगळे असतात. दुकान कोल्हापुरात असो की हुबळीत, पाटी कोणत्याही भाषेत असो, हा नंबर सगळीकडे एकच. कागदावर लिहून न्या, ‘ट्रॅव्हलरचं पुढचं द्या’ म्हणून मागू नका. नकली मालही बाजारात आहे. काही कंपन्यांनी खोक्यावरचा कोड मोबाइलवर तपासायची सोय केली आहे, ती वापरावी.

काढण्या-बसवण्याची हत्यारं, आणि इथे थांबावं कुठे

कप हबमध्ये घट्ट असतो. तो काढायला पितळेची दांडी आणि हातोडा. एकदा इकडून, एकदा समोरून, असं थोडं थोडं ठोकत न्यायचं. पोलादी पोगर वापरला तर कपाच्या कडेची कपची उडते. नवीन कप बसवायला जुनाच कप उलटा धरून त्यावर ठोकता येतं. जुन्या कपाची बाहेरची बाजू थोडी घासून घेतली तर तो आत अडकत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, तो ओळखायला शिकावं. नवीन कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर किंचित आकसतो आणि सोपा जातो.

ज्या हबमध्ये कपाच्या मागे दांडी टेकवायला जागाच नसते, तिथे आपल्याकडचे वेल्डर एक चांगली युक्ती करतात. कपाच्या आतून वेल्डिंगचा एक राऊंड मारतात. गार होताना कप आकसतो आणि हाताने निघून येतो. कप फेकायचाच असल्यामुळे नुकसान काही नाही. हब गाडीवरून उतरवलेला असावा आणि अर्थिंगचा चिमटा हबलाच लावावा.

कोन मात्र पुढच्या आसावर हाताने सरकावा इतपत सैल असतो. तो तसाच असायला हवा. तो सैल आहे म्हणून आसावर पंचाने टिपे मारून घट्ट करणारे कारागीर भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. टिप्यांच्या टोकांवर कोन तिरका बसतो आणि नट नीट लावताच येत नाही. उलट कप हबमध्ये सैल फिरत असेल तर तो खरा बिघाड. त्यावर टिपे किंवा पत्र्याची पट्टी हा इलाज नाही. नवीन हब घ्यावा किंवा उद्यमबागेतल्या चांगल्या लेथवाल्याला दाखवावा.

मागच्या आसावर किंवा सीलबंद हबमध्ये दाबून बसवलेली बेअरिंगं असतात. तिथे हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि तो घरी घेण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदाही न लागणारं हत्यार म्हणजे गोठवलेलं भांडवल. प्रेसवाला ते काम काही मिनिटांत करतो. गॅसच्या ज्योतीने बेअरिंग तापवून बसवणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. १२० अंशांच्या पुढे गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. तेलात तापवून किंवा इंडक्शन हीटरवर बसवतो का, हे आधीच विचारा.

ग्रीस

सांध्यांना मारायचं स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस साधारण १०० अंशांच्या आसपास वितळतं. घाटात ब्रेक तापले की हब त्या बाजूला झुकतो, ग्रीस पातळ होऊन ब्रेकवर उतरतं आणि मग ब्रेकही लागत नाही. व्हील बेअरिंगचं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ नंबरचं ग्रीस घ्यावं. साधं लिथियम १८० अंशांच्या आसपास वितळतं, कॉम्प्लेक्स त्याहून वर. जुनं पूर्ण धुऊन नवीन भरायचं, दोन जातींची खिचडी करायची नाही.

भरायला पॅकर नावाचं शंकूसारखं भांडं मिळतं. ते नसलं तरी तळहात पुरतो. तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, वरच्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा पुरे, गच्च भरू नये. कोंबलेलं ग्रीस उष्णता धरतं आणि सीलमधून बाहेर पडतं. डब्याचं झाकण लगेच लावा. अंगणातला एक वाळूचा कण आत गेला तर सगळी मेहनत वाया.

नट किती आवळायचा

सगळ्यात जास्त बेअरिंगं इथे मरतात. ‘दाबून आवळ’ ही सवय चाकाच्या नटाला ठीक, हबच्या नटाला घातक. निमुळता रोलर कपात जितका दाबाल तितका घासतो. पद्धत साधारण अशी : हब हाताने फिरवत ठेवून नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करायचा. मग पुन्हा अगदी हलका, बोटांनी टेकवल्यासारखा. पिनीचं भोक जुळत नसेल तर नट पुढे न आवळता मागे घ्यायचा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात आकडे आणि क्रम दिला असेल तर तोच शेवटचा शब्द.

बरोबर झालं की नाही, हे डायल गेज सांगतो. चुंबकाच्या पायावर तो उभा करून काटा हबच्या तोंडाला टेकवायचा आणि हब सरळ आत-बाहेर ओढायचा. साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर हालचाल असावी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. हाताला हे कळत नाही. डायल गेज आणि टॉर्क रेंच ही दोन हत्यारं महाग वाटतात, पण चौघा गाडीमालकांनी मिळून एक-एक घेतली तर कुणालाच जड जात नाहीत, कारण कामं वर्षातून एकदाच आणि वेगवेगळ्या दिवशी. टॉर्क रेंचने नट सोडायचे नाहीत आणि काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.

गाडीत बरोबर काय असावं

नेहमीच्या जॅक-पान्याबरोबर एक पिशवी वेगळी ठेवा : बाहेरच्या बेअरिंगचा एक कोन आणि कप, दोन सीलं, मूठभर स्प्लिट पिना, हबच्या नटाची गोटी, पितळेची दांडी, अर्धा किलो ग्रीसचा बंद डबा, जुनी सुती फडकी, बॅटरी. बेअरिंगच्या नंबरांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून आरसी बुकाबरोबर. घाटात बेअरिंग बोललं तर ‘पायथ्यापर्यंत नेऊ’ असं म्हणू नका. माणसं खाली उतरवा, चाकांना दगड लावा, गाडीमागे त्रिकोण ठेवा आणि हब गार होऊ द्या. त्यावर पाणी ओतायचं नाही.

सर्व्हिस केल्यावर लगेच यात्रेला निघू नये. पहिल्यांदा रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. शहापुरातून पिरनवाडीपर्यंत जाऊन परत आलं तरी चालेल. दोन्ही हबांचं तापमान ताडून बघा. चाक पुन्हा उचलून हलवून बघा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट टॉर्क रेंचने परत तपासा, एका आड एक अशा क्रमाने. तारीख आणि मीटरचा आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने नव्हे, पेंटने लिहून ठेवा.